गरम सॅलडवरचं दाण्याचं ड्रेसिंग गोळा होतंय, काय चुकतंय?

आळशी_सुगरण:
नाशकात थंडी मस्त पडलीये आणि घरात गार काकडी-टोमॅटो कुणी तोंडात घालत नाहीये, म्हणून म्हटलं सॅलड गरमच करू. गणेशवाडीतून गाजर, फ्लॉवर, ब्रोकोली, फरसबी आणि लाल भोपळ्याची फोड आणली, एकाच ट्रेमध्ये कोंबून ओव्हनला २०० वर अर्धा तास. ड्रेसिंगसाठी भाजलेले दाणे तेल सुटेपर्यंत मिक्सरला फिरवले, लसूण, गूळ, मीठ घातलं, इथपर्यंत छान होतं आणि मग लिंबू पिळलं तर त्याचा पार पिठल्यासारखा गोळा! चमचा उभा राहिला त्यात. वर अजून तेल घातलं तर ते नुसतं बाजूला तरंगत बसलं. भाज्यांखाली पाणी, ब्रोकोली खाकी. सासरे ताटाकडे बघून म्हणाले, हे राहू दे, पोळी आण. रविवारी पाहुणे आहेत, वाचवा.

गोदाकाठी:
तेल नाही हो, पाणी! थोडंसंच पाणी किंवा लिंबाचा रस गेला की वाटलेले दाणे आधी आवळतात, तिथेच सगळे घाबरतात. कोमट पाणी चमचा-चमचा घालत फेटत राहा, एकदम सैल होतं आणि रंगही फिकट होतो. तिळाचं वाटण पण असंच वागतं. दाट ताकाइतकं झालं की थांबा.
आणि ट्रेमध्ये गर्दी केलीत म्हणून भाज्या भाजल्या नाहीत, वाफेत शिजल्या. दोन ट्रे घ्या. भोपळा-गाजर आधी पंधरा मिनिटं, बाकीचं नंतर. फोडी कोरड्या पुसून मगच तेल लावा.

तवा_झिंदाबाद:
ओव्हन कशाला पेटवायचा पण? मी बुधवारच्या बाजारातून गंगेवरून (म्हणजे आपल्या गोदाघाटावरून) येताना जे मिळेल ते आणते आणि लोखंडी कढईत मोठ्या आचेवर, झाकण अजिबात नाही, थोड्या थोड्या भाज्या टाकून काळे डाग पडेपर्यंत परतते, मीठ शेवटी, कारण आधी घातलं की पाणी सुटतं आणि मग तुमची ती फ्लॉवरची भाजीच होते. शेवटी खमंग काकडीला करतो तशी जिरं-हिंग-मिरचीची फोडणी ड्रेसिंगवर. फक्त कूट जरा जाडसर ठेवा, दाताखाली आलं पाहिजे.

चिंचगूळ:
लिंबाऐवजी चिंचेचा कोळ घालून बघा. इंडोनेशियात गाडो-गाडो म्हणून प्रकार असतो, उकडलेल्या भाज्या, अंडं, टोफू आणि वरून दाण्याचा सॉस, त्यात चिंच आणि ताडाचा गूळ असतो. म्हणजे आपल्या आमटीचीच चव की. लिंबूच हवं असेल तर ताटात वाढताना. हिरव्या भाजीवर आंबट पडून राहिलं की रंग जातो, तुमची ब्रोकोली अर्धी त्यानेच गेली असणार, अर्धी ओव्हनने.
दाण्यांची सालं पाखडली होती ना? नाहीतर कडवटपणा येतो. आणि पाहुण्यांना दाणे चालतात का ते आधी विचारा, आमच्या भाच्याला ॲलर्जी आहे, त्याच्यासाठी भोपळ्याच्या बिया भाजून वेगळं वाटते मी, मिक्सरचं भांडंसुद्धा वेगळं.

आळशी_सुगरण:
झालं!! वाटीभर दाण्यांना जवळजवळ अर्धी वाटी कोमट पाणी लागलं, मधे एकदा फाटल्यासारखं दिसलं तेव्हा पोटात गोळा आला पण फेटत राहिले. चिंच घातली. कढईच वापरली, भोपळा कडेने काळसर आणि आत मऊ. सासऱ्यांनी भाज्या चार खाल्ल्या असतील, ड्रेसिंग मात्र बाजरीच्या भाकरीबरोबर दोनदा मागून घेतलं 🙄 उरलंय वाटीभर, टिकेल का?

गोदाकाठी:
कच्चा लसूण आहे, पाणी आहे, फ्रीजमध्ये दोन-तीन दिवसांच्या वर ठेवू नका. परत घट्ट होईल, तेव्हा तेल घालू नका म्हणजे झालं.