मदत हवी आहे: नवरा रक्त तपासायला तयार नाही (कोल्हापूर)

नमस्कार. शाहूपुरीत राहते, चौथा महिना सुरू आहे. नेहमीच्या रक्ततपासणीत व्हीडीआरएल ही चाचणी रिॲक्टिव्ह आली, मग खात्रीची टीपीएचए चाचणीही पॉझिटिव्ह. म्हणजे सिफिलिस, शरीरसंबंधातून पसरणारा गुप्तरोग. मला ना जखम दिसली, ना पुरळ! डॉक्टर म्हणाल्या, हा आजार अंगात वर्षानुवर्षं लपून राहतो आणि वारेतून बाळापर्यंत पोचतो. पेनिसिलिनची २४ लाख युनिटची ३ इंजेक्शनं, आठवड्याला १. पहिलं झालं.

नवरा म्हणतो, "मला काही त्रास नाही, मी कशाला येऊ?" त्याचे उपचार झाले नाहीत तर मला परत लागण होईल, याचीच धास्ती आहे. सीपीआरला (इथल्या सरकारी दवाखान्यात) गुप्तरोगाची ओपीडी कोणत्या वारी असते? तिथं पुरुषांशी एकांतात, नीट बोलतात का? कुणी घरच्या माणसाला तयार केलं असेल तर कसं, तेही सांगा. सासूबाईंना अजून काही माहीत नाही.