'कभी अलविदा ना कहना': पटकथा नेमकी कुठे घसरते?

तिसरी घंटा
करण जोहरचा २००६ सालचा 'कभी अलविदा ना कहना' हा सिनेमा देव आणि मायाचा आहे, दोघंही विवाहित आणि एकमेकांच्या प्रेमात पडलेले. तरी जीव तुटतो तो मायाचा नवरा ऋषी आणि देवची बायको रिया यांच्यासाठी. पडद्यावर शाहरुख, राणी, अभिषेक, प्रीती आणि अमिताभ, संगीत शंकर-एहसान-लॉय यांचं, कॅमेरा अनिल मेहतांचा. एवढं सगळं हाताशी असताना शेवटी हाती फारसं का लागत नाही? नीती-संस्कृतीचा वाद नको, तो खूप झालाय. पटकथा आणि संकलनाच्या अंगाने सांगा. काय बदललं असतं तर हा सिनेमा उभा राहिला असता?

कच्चा खर्डा
विषयात खोट नाही, कारणं नीट पेरलेली नाहीत. अशा कथेत प्रेक्षकाला तीन गोष्टी कळाव्या लागतात. घरात काय कमी आहे, ते घरातच का भरून निघत नाही, आणि बाहेरच्या माणसात नेमकं काय सापडतं. इथे पहिली अर्धीमुर्धी आहे, दुसरी जवळपास नाहीच आणि तिसरी फक्त गाण्यांत आहे.

मायाचं घ्या. आईवडील गेल्यावर ती ऋषीच्या घरी वाढली, त्यामुळे लग्नावर उपकाराचं ओझं आहे. ज्यांनी सांभाळलं त्यांना 'नाही' कसं म्हणणार? ही गाठ सोन्यासारखी होती, पण पटकथा ती सांगून पुढे निघून जाते. मग पडद्यावर उरतं तिचं सारखं घर आवरणं आणि ऋषीची तिला खूश करायची धडपड. त्याच्या प्रेमातच तिचा जीव कसा गुदमरतो, हे दाखवणारा एखादा ठसठशीत प्रसंग हवा होता. तो नाही, म्हणून माया कृतघ्न वाटते.

देवच्या बाबतीत कारण भक्कम आहे. पाय अधू झाला, फुटबॉल सुटला आणि बायको फॅशन मासिकाची संपादक. तिच्या यशाने आतल्या आत कुढणारा नवरा एवढ्यावरच अख्खा सिनेमा चालला असता. पण त्याचा कडवटपणा पोरावरही निघतो. मुलाला व्हायोलिन प्रिय, बापाला तो मैदानात हवा. लहान मुलावर खेकसणाऱ्या माणसाबद्दल कणव वाटायची असेल, तर त्याला स्वतःची लाज वाटते आहे हे लवकर दिसायला हवं. इथे ते फार उशिरा येतं.

आता दोघांमधलं नातं. दोघं एकमेकांना संसार सावरायचे सल्ले देतात. कल्पना अप्रतिम आहे, कारण दुसऱ्याच्या घरातली गुपितं ऐकता ऐकताच जवळीक वाढते. पण ते प्रसंग हशा पिकवण्यात खर्ची पडलेत. त्या संवादांतून 'प्यार' हा शब्द खोडा आणि काय शिल्लक राहतं ते पाहा. एकमेकांबद्दलची अशी माहिती, जी त्यांच्या जोडीदारांना नाही, ती फारच थोडी निघते.

तुलनेला 'अर्थ' (१९८२) पाहा. पूजा अनाथ आहे, तिला हवंय ते स्वतःचं घर. नवरा जातो तेव्हा त्या घराचा अर्थही जातो. ही एकच भूक पहिल्यापासून धरून ठेवल्यामुळे शेवटी नवरा इंदर परत आल्यावर तिच्या नकाराला वजन येतं. माया आणि देव यांना काय हवंय, हे असं एका वाक्यात सांगता येत नाही.

कात्री-डिंक
वरचं सगळं मान्य. त्यात लांबीची भर घाला. ३ तास १३ मिनिटं! हलकीफुलकी सुखांतिका एवढी लांब पेलते, कारण उपकथानकं मनाला विसावा देतात. इथे तोच विसावा मारक ठरतो. दोघं गुपचूप भेटू लागले की त्यांच्यासोबत आपल्यालाही चोरी पकडली जायची धास्ती वाटायला हवी, आणि नेमकं तेव्हाच सिनेमा पार्टीत नाहीतर नाचात रमतो. संकलनाच्या मेजावर बसलो तर सर्वांत आधी सॅमच्या, म्हणजे ऋषीच्या वडिलांच्या, रंगेलपणाचे प्रसंग निम्मे करायचे. त्या भूमिकेत अमिताभ बच्चन असल्यामुळे ते कापायला हात धजत नाही, पण त्यांचा सूर वेगळ्याच सिनेमाचा आहे. 'व्हेअर्स द पार्टी टुनाइट' तर पूर्ण काढता येतं, कथेचा एक टाकाही उसवत नाही. 'मितवा' मात्र ठेवायचं. दोघांमधली ओढ तिथे खरोखर पुढे सरकते.

पण खरा घोटाळा सॅमच्या मृत्युशय्येपाशी आहे. सासरा स्वतः सुनेला सांगतो, माझ्या मुलाला सोड. म्हणजे सिनेमाचा सर्वांत अवघड निर्णय मायाच्या हातून काढून घेतला आणि वडीलधाऱ्याच्या परवानगीवर भागवलं. त्यानंतर तिने काहीही केलं तरी ते तिचं राहत नाही.

दुसरा घोटाळा त्याच्या पुढचा. जोडीदारांपुढे प्रकरणाची कबुली दिल्यावर आणि दोन्ही घरांतून हाकलल्यावर देव आणि माया एकमेकांना खोटंच सांगतात की जोडीदाराने माफ केलं. मग ३ वर्षं उलटतात. दोघंही मोकळे आहेत हे आपल्याला ठाऊक, फक्त त्यांना नाही. एका फोनने सुटणाऱ्या अडथळ्यावर शेवटचा अंक तोलला तर स्टेशनवरची धावाधाव कितीही सुंदर टिपली तरी पोकळच वाटणार. कबुलीनंतर थेट शेवटाकडे आलं असतं तर बराच वेळ वाचला असता.

वकीलपत्र
एक मुद्दा राहिला. न्यूयॉर्क निवडल्याने चाळ, सोसायटी, मोलकरीण, नातेवाईक हे सगळे डोळे गायब झाले, म्हणून चोरीची धास्ती पातळ होते. पण तिथल्या कायद्यातच नाट्य होतं, ते कुणी वापरलं नाही. न्यूयॉर्क राज्यात २०१० पर्यंत दोष न दाखवता थेट घटस्फोट मिळत नव्हता. जोडीदाराचा दोष सिद्ध करा, नाहीतर रीतसर करार करून किंवा कोर्टाच्या हुकमाने वर्षभर वेगळे राहा. व्यभिचार हा अशा दोषांपैकीच एक. म्हणजे ऋषी आणि रियाला तो आरोप कागदावर लिहायचा की नाही हे ठरवावं लागलं असतं, आणि मुलाचा ताबा हा वेगळाच डोंगर. सिनेमा '३ वर्षांनंतर' म्हणून हे सगळं ओलांडतो. आपल्याकडे व्यभिचाराला गुन्हा ठरवणारं कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ ला रद्द केलं, तरी हिंदू विवाह कायद्यात व्यभिचार हे घटस्फोटाचं कारण आजही आहे. आज हीच गोष्ट मुंबईत घडवली तर हा धागा हाताशी आहे.

तिसरी घंटा
फोनचा मुद्दा अगदी पटला. पण मग देव-माया हॉटेलच्या खोलीत एकत्र येतात तो प्रसंगही चुकला म्हणायचा का?

रांगेतला
तो नाही चुकला. 'गुमराह'मध्ये (१९६३) बायको शेवटी नवऱ्याकडे वळते, 'सिलसिला'मध्ये (१९८१) नवरा बायकोकडे परततो. मुख्य प्रवाहातल्या एवढ्या मोठ्या सिनेमाने नायक-नायिकेला तिथवर नेलं आणि शेवटी लग्नं खरोखर मोडू दिली, हे धाडसच होतं. म्हणूनच पुढची माघार जास्त बोचते.

परिणामांपासून सुरुवात कशी करतात ते पाहायचं तर महेश मांजरेकरांचा 'अस्तित्व' (२०००) काढा, हिंदी आणि मराठी दोन्हींत आहे. जुन्या संगीतशिक्षकाचं मृत्युपत्र विवाहित आदितीच्या नावे येतं आणि नवऱ्याला जुन्या तारखा जुळवाव्याशा वाटतात. प्रेमप्रकरण कधीच संपलेलं, हिशेब मात्र आत्ता सुरू. तब्बू आणि सचिन खेडेकर यांच्यातले प्रसंग बहुतेक घरातच घडतात, पात्रं मोजकी, आणि 'मी का केलं' हे आदिती स्वतःच्या तोंडाने सांगते. मायाच्या तोंडी तसं एक भाषण टाकून बघा, ऋषीसमोर, सॅम जिवंत असताना.