मदत हवी आहे: फ्रान्समधली जुनी दगडी गावं, सोबत वडील आणि कॅमेरा

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि बाबा फ्रान्सला जायचं म्हणतोय. पॅरिसचे दोन दिवस मैत्रिणीकडे, त्याची काळजी नाही. पुढचे आठ दिवस नैर्ऋत्येकडच्या दोर्दोन्य नदीच्या खोऱ्यात घालवायचे आहेत आणि तिथेच घोडं अडलंय.

आधी थोडं सांगते, म्हणजे प्रश्न नीट कळेल. बाबांचा वाईला ३६ वर्षं फोटो स्टुडिओ होता. लग्नं, पासपोर्ट फोटो, शाळेचे ग्रुप फोटो, यावर घर चाललं. रविवारी सकाळी मात्र ते कॅमेरा गळ्यात अडकवून घाटावर आणि गावातल्या वाड्यांतून फिरायचे. दिंडी दरवाजे, चौकातलं तुळशीवृंदावन, भिंतीतले कोनाडे, कोरीव तुळया. त्यातले बरेच वाडे आता पडले किंवा पाडले गेले. निगेटिव्ह त्यांनी एका लोखंडी पेटीत साल घालून लावून ठेवल्यात. दोन वर्षांपूर्वी मी त्यांना सार्ला गावाचे फोटो दाखवले. पिवळट दगडाची घरं, दगडी चिपांची छपरं, अरुंद बोळ. बराच वेळ बघून म्हणाले, "हे सगळं अजून उभं आहे? आणि माणसं राहतात यात?" तेव्हापासून त्यांना तिथे न्यायचंच असं माझ्या मनात आहे.

बाबा ६९ वर्षांचे आहेत. सपाटीवर तासभर आरामात चालतात, पण उतरताना उजवा गुडघा दुखतो. आम्ही माळकरी, म्हणजे मांस-मासे आणि अंडंही नाही. गाडी मी चालवते, परदेशात कधी चालवलेली नाही.

मी केलेल्या यादीत सार्ला, बेनाक, ला रोक गाजाक, डोम, कास्तेलनो, माँपाझिए, रोकामादूर, सँ-सिर्क-लापोपी, कोलाँज-ला-रूज आणि आदिमानवाच्या चित्रांची लास्कोची गुहा इतकं आहे. चार हॉटेलं बदलावी लागतील असं दिसतंय. हे जास्त होतंय का? मुक्काम कुठे करावा? रोकामादूरला खूप पायऱ्या आहेत असं वाचलं, तिथे बाबांना न्यावं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुठल्या जागी उजेड कधी चांगला असतो? बाबा नेहमी म्हणतात, जागा कुठे पळून जात नाही, उजेड पळतो. त्यांना भर दुपारी बारा वाजता एखाद्या सुंदर गावात नेऊन उभं करायचं नाहीये मला.

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

ताई, मी बोर्दोला सहा वर्षं होते, त्या भागात पुष्कळदा गेलेय. पहिलं सांगते, चार हॉटेलं नकोत. आठही दिवस सार्लालाच राहा, गावठाणात किंवा चालत पाच मिनिटांच्या आत. बेनाक, ला रोक गाजाक, कास्तेलनो, डोम ही सगळी तिथून गाडीने जेमतेम अर्ध्या तासाच्या आत आहेत. रोकामादूर साधारण तासाभरावर. सँ-सिर्क-लापोपी मात्र यादीतून काढा. लोट नदीच्या कड्यावरचं ते गाव अप्रतिम आहे, पण गोट्यांच्या फरसबंदीचा तीव्र उतार आहे आणि दीड तासाहून जास्त गाडी चालवून तिथे पोचल्यावर बाबांचा गुडघा पहिल्याच वळणावर कुरकुरेल.

गावातच राहायचं कारण उजेडच आहे. सप्टेंबरअखेर तिथे सूर्य पावणेआठ ते आठच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी पावणेआठच्या आसपास मावळतो. म्हणजे बाबांना पहाटे चारला उठायची गरज नाही. साडेसातला चहा घेऊन खाली उतरा, बोळ रिकामे असतात. दहानंतर पर्यटकांच्या बस यायला लागतात, तेव्हा तुम्ही गाडी काढून नदीकडे जा. दुपारी परत येऊन विश्रांती घ्या. संध्याकाळी सातनंतर पुन्हा बोळात उतरा. आकाश गडद निळं आणि दिवे पिवळे, अशी वीस-पंचवीस मिनिटं मिळतात. त्या वेळी मुक्काम दुसऱ्या गावात असेल तर तुम्ही रस्त्यावर गाडीत असता.

बुधवारी आणि शनिवारी सार्लाला बाजार भरतो. त्या सकाळी रिकामा बोळ विसरा, पण बाबांना माणसांचे फोटो आवडत असतील तर तोच दिवस सोन्याचा. अक्रोड, बकरीच्या चीजच्या छोट्या चकत्या, अळंबीच्या टोपल्या, सगळं दगडी भिंतींना टेकून मांडलेलं असतं.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत. बाबांच्या त्या प्रश्नाबद्दल, म्हणजे हे अजून उभं कसं, याबद्दल लिहितो. मी वास्तुरचनाकार आहे आणि मलाही तोच प्रश्न तिथे घेऊन गेला होता.

सार्ला बराच काळ आडबाजूला राहिलं. मोठे उद्योग आले नाहीत, त्यामुळे जुनं पाडून नवं बांधायचा रेटा फारसा नव्हता. एकोणिसाव्या शतकात गावाच्या मधोमध एक सरळ रस्ता कापला गेला, आजही तो नकाशावर सुरीने चिरल्यासारखा दिसतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बरीच घरं मोडकळीला आली होती. मग ४ ऑगस्ट १९६२ चा कायदा आला, तेव्हाचे सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांच्या नावाने ओळखला जाणारा. त्याआधी एखादं चर्च, एखादा राजवाडा असं सुटं स्मारक जपलं जायचं. या कायद्याने आख्खी पेठच जपायची सोय केली, म्हणजे साधी घरं, बोळ, छपरं आणि अंगणंही. ज्या गावांमध्ये हे काम सर्वांत आधी सुरू झालं त्यात सार्ला आहे. आपल्याकडे वाड्याची नोंद झाली तरी शेजारचा बोळ, आळी, पार यांना कुणी वाली नसतो. फरक तिथेच पडतो असं माझं ठाम मत आहे.

बाबांना सांगा, छपरांचे फोटो नक्की काढा. त्या चिपांना तिकडे 'लोझ' म्हणतात. चुनखडीच्या दगडाच्या चिपा एकावर एक रचलेल्या असतात. वजन प्रचंड, म्हणून उतार खूप उभा आणि खाली ओकच्या लाकडाचा जबरदस्त सांगाडा. छपरं वरून बघायची असतील तर सँत-मारी चर्चमध्ये जा. चर्च म्हणून त्याचा वापर कधीच थांबला होता. ज्याँ नुव्हेल या वास्तुरचनाकाराने त्याचा बंदिस्त बाजार केला, अवाढव्य उंच दारं बसवली आणि मनोऱ्यात काचेची लिफ्ट घातली. गुडघ्याला अजिबात त्रास नाही. नुव्हेलचं लहानपणही सार्लातच गेलंय. बाजूच्या चौकात ला बोएसीचं घर आहे, १५३० साली सार्लात जन्मलेला हा लेखक. त्या घराच्या खिडक्यांभोवतीचं कोरीव काम बघताना मला आपल्या वाड्यांच्या गणेशपट्ट्या आठवल्या.

प्रतिसाद ३

फक्त फोटोबद्दल लिहितो.

ला रोक गाजाक दक्षिणेकडे तोंड करून कड्याला चिकटलंय, पुढे नदी. दुपारनंतर बराच वेळ ऊन तिथे रेंगाळतं, त्यामुळे ते संध्याकाळसाठी ठेवा. कड्यातून सुटलेल्या दगडांनी १९५७ च्या जानेवारीत तिथली काही घरं चिरडली होती, माणसंही गेली. कड्याकडे बघताना ते लक्षात राहतं.

बेनाकचा किल्ला नदीपासून सुमारे १५० मीटर उंच कड्यावर. तो खालून काढण्यापेक्षा पलीकडच्या काठावरून, कास्तेलनोच्या बाजूने टेलिफोटोने काढा. शंभर वर्षांच्या युद्धात एक किल्ला फ्रेंचांकडे आणि समोरचा इंग्रजांकडे होता. त्या बाजूने बघताना सूर्य दिवसभरात बहुतेक वेळ पाठीशी राहतो. सप्टेंबरअखेर सकाळी नदीवर धुकं भरतं. ते असेल तर डोमच्या कठड्यावर जाऊन थांबा. गाडी वरपर्यंत जाते, चढ नाही, आणि धुकं फाटताना खालची शेतं एकेक करून वर येतात. मी तिथे पावणेदोन तास उभा होतो.

कोलाँज-ला-रूज लाल वालुकाश्माचं आहे. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवर असेल तर तो लाली मारून टाकतो. डेलाइटवर ठेवा आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा. पण बाबा कृष्णधवल काढणार असतील तर लाल फिल्टरने तो दगड उजळ होईल आणि आकाश गडद, हे मी त्यांना काय सांगणार! 'फ्रान्समधली सर्वांत सुंदर गावं' ही संस्था १९८२ साली याच गावाच्या महापौरांच्या पुढाकाराने सुरू झाली. ब्रीव्ह स्टेशनपासून जवळ आहे, तर पॅरिसहून येताना वाटेतच करून टाका.

बोळांमध्ये ढगाळ दिवस वाया गेला असं समजू नका. उन्हात फोटोतली अर्धी भिंत जळून पांढरी पडते आणि अर्धी काळी होते. पावसानंतर ओली फरशी असेल तर जेवण सोडून बाहेर पडा.

ड्रोन नेऊ नका. गावांवरून हौशी उड्डाणाला मनाई आहे. लास्कोची मूळ गुहा १९६३ पासून बंद आहे, दाखवतात ती हुबेहूब प्रतिकृती. अस्सल रंगीत चित्रं बघायची तर ले-झेझी गावाजवळची फाँ-द-गोम, पण तिकिटं मोजकी आणि आत फोटो काढता येत नाहीत. तरीही न्या. कॅमेरा गाडीत ठेवू नका मात्र. एका किल्ल्याखालच्या वाहनतळावर माझ्या गाडीची काच फोडून मागच्या सीटवरची बॅग नेली. दोन लेन्स गेल्या आणि चार दिवसांचं काम गेलं. कार्ड रोज रात्री दुसरीकडे उतरवून घ्या.

प्रतिसाद ४

खाण्याचं सांगते, मीही शाकाहारी. पेरिगोर, म्हणजे सार्लाच्या आसपासचा हा सगळा भाग, बदक आणि हंसाच्या मांसाचा प्रदेश. तिथे 'सार्लादेज' बटाटे सगळीकडे मिळतात, लसूण-पार्सली घातलेले, दिसायला आपल्या काचऱ्यांसारखे. पण ते बदकाच्या किंवा हंसाच्या चरबीत परततात! मला दुसऱ्या दिवशी कळलं आणि फार वाईट वाटलं. बाबा माळकरी आहेत म्हणून आवर्जून लिहितेय. "साँ ग्रेस द कानार", म्हणजे बदकाच्या चरबीशिवाय, हे पाठ करा आणि तरीही बटाटे टाळा. सॅलडमध्येही मांसाचे तुकडे असतात. स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्या, तिकडे त्याला 'जीत' म्हणतात. बाजारातून भाज्या, अक्रोड, पाव आणा. मेतकूट-तांदूळ घरून न्या. उपाहारगृहात दुपारचं जेवण बारा ते दोनमध्येच मिळतं, अडीचला गेलात तर चूल विझलेली.

आपल्या गोल तीन पिनांचा प्लग तिथे बसत नाही, दोन पिनांचा बसतो. कॅमेऱ्याच्या चार्जरसाठी अॅडॉप्टर न्या.

प्रतिसाद ५

रोकामादूरला न्याच. २१६ पायऱ्या आहेत हे खरं, पूर्वी यात्रेकरू त्या गुडघ्यांवर चढायचे. पण आता गावातून देवळांपर्यंत लिफ्ट आहे आणि तिथून वर किल्ल्यापर्यंत दुसरी. काळ्या मेरीची छोटी लाकडी मूर्ती आहे, अंधाऱ्या देवळात, धुराने काळवंडलेल्या भिंती. माझे सासरे वारीला जाणारे, ते तिथे अर्धा तास काही न बोलता बसून होते. फोटोसाठी मात्र आधी समोरच्या लोस्पिताले वस्तीच्या कठड्यावर जा, सकाळी. आख्खं गाव कड्यावर एकावर एक रचलेलं दिसतं आणि ऊन थेट तोंडावर असतं.

गाडीचं: आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या, वर्षभर चालतो. ऑटोमॅटिक गाडी आधीच बुक करा, तिथे बहुतेक गाड्या गिअरच्या. उजवीकडून चालवायचं हे दोन तासांत अंगवळणी पडतं. पण पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम गावागावांत लागतो. तो विसरू नका.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बाबांना सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. मालरो कायद्याचा परिच्छेद त्यांनी दोनदा वाचायला लावला आणि उठून पेटीतून आमच्या आळीच्या निगेटिव्ह काढल्या. सुटे वाडे नाहीत, आख्खी आळी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, १९८४ सालची. मी त्या कधी पाहिल्याच नव्हत्या. आता सार्लालाही एकच बोळ घेऊन तो असाच ओळीने काढायचा म्हणतायत.

सार्लात सात रात्रींसाठी स्वयंपाकघर असलेलं घर घेतलंय, तळमजल्यावर. पॅरिसहून ब्रीव्हपर्यंत रेल्वे, तिथे गाडी, कोलाँज-ला-रूज करून संध्याकाळी मुक्कामाला. शेवटची रात्र परतीच्या वाटेवर ब्रीव्हला. सँ-सिर्क-लापोपी आणि माँपाझिए काढून टाकली. पोचायचा दिवस मंगळवार, म्हणजे दुसऱ्या सकाळी थेट बाजार.

एक शेवटचं विचारते. बाबांना दारात बसलेली, दुकान उघडणारी म्हातारी माणसं टिपायची असतात. इथे त्यांना सगळे ओळखायचे. तिथे भाषा येत नाही. असं काढलेलं चालतं का?

प्रतिसाद १

चालतं, पण विचारून. आपला चेहरा कुठे वापरला जातो यावर फ्रान्समध्ये माणसाचा कायद्याने हक्क असतो आणि लोक त्याबद्दल जागरूक असतात. लहान मुलांचे तर आईवडिलांना विचारल्याशिवाय काढूच नका. आधी 'बाँझूर' म्हणायचं, मग कॅमेऱ्याकडे बोट दाखवायचं. 'बाँझूर' न म्हणता काहीही मागितलं तर तिथे उद्धटपणा वाटतो, दुकानातसुद्धा. बाबांना तेवढा एक शब्द शिकवा.

आणि एक वही ठेवा सोबत. ज्यांचा फोटो काढाल त्यांनाच त्यात पत्ता लिहायला सांगा. बाबांनी इतकी वर्षं गिऱ्हाइकाच्या हातात प्रिंट दिलेत, तर परत आल्यावर दोन-चार पाकिटं टपालाने पाठवा. मी बाजारातल्या एका चीजवाल्या आजींना पाठवला होता. पुढच्या वर्षी गेले तर तो त्यांच्या तराजूमागे टाचणीने लावलेला होता.