फिटनेस आहे, तरी टँकर परत का?

आरटीओचं फिटनेस आणि पेसोचं (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची सरकारी संस्था) लायसन्स दोन्ही वैध असताना मुंबईतल्या माहुलच्या तेल डेपोच्या गेटवर पेट्रोलचा टँकर का अडवला, असा प्रश्न पडतो. कारण ते कागद त्या-त्या दिवसाचे. गेटवर बघतात ते आजचं.

पहिला संशयित अर्थिंगचा बोल्ट, म्हणजे टाकीवरची वीज जमिनीत सोडणाऱ्या वायरचा क्लॅम्प जिथे लावतात तो. टाकी रंगवताना पेंटर त्याच्यावरही ब्रश फिरवतो. मग क्लॅम्प लागतो, पण धातूला धातू भिडत नाही आणि भरताना तयार होणारी स्थिर वीज टाकीतच राहते. तिथला रंग पितळी ब्रशने खरवडून काढा.

दुसरा फूट व्हॉल्व्ह, म्हणजे टाकीच्या तळाचा झडप. तो बंद ठेवून डिलिव्हरी कॉक (पाइपाच्या टोकाचा, माल काढायचा नळ) बादलीवर उघडा. पाइपातला माल निथळल्यावरही धार चालूच असेल, तर सीटवर गंज किंवा गॅस्केटचा तुकडा अडकलाय. कॉक घट्ट आवळून हे फक्त लपतं.

पावसाळ्यात व्हेंटमध्ये (टाकीच्या हवा-वाफेच्या वाटेत) चिखल बसतो, तोही बघा. स्पार्क अरेस्टर (सायलेन्सरमधून ठिणगी बाहेर पडू न देणारी जाळी), बॅटरीचा कटऑफ स्विच हे बघणं मिनिटाचं काम.

आणि टँकरवरची धोक्याची पाटी! माल पेट्रोल, पाटीवर डिझेलचा यूएन नंबर (मालाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) १२०२, हे सर्रास दिसतं. तिथे १२०३ हवा, तिन्ही बाजूंना.

गॅसच्या बुलेटचं (दाबाखालचा गॅस नेणारा लांबट टँकर) वेगळं: तिथे हायड्रो टेस्ट (टाकीत दाबाने पाणी भरून तपासणी) पाच वर्षांनी, विषारी किंवा गंजवणारा वायू असेल तर दोन.