मदत हवी आहे: एपोए१ चे दोन पेप्टाइड, आकड्यांत दुपटीचा फरक

ओवी_लॅब
सीरममधलं एपोए१ (एचडीएलचं मुख्य प्रोटीन) मोजतेय, ट्रिपल क्वाड मास स्पेक्ट्रोमीटरवर, एमआरएमने (ठरावीक आयन-जोड्याच मोजायची पद्धत). त्याचे दोन पेप्टाइड (ट्रिप्सिन या विकराने प्रोटीन कापून झालेले तुकडे), दोन्हींचे हेवी (जड समस्थानिकांच्या, माहीत प्रमाणात घालायच्या प्रती) आहेत. टीएचएल या अमिनो आम्लांच्या अक्षरांनी सुरू होणारा जेवढं एपोए१ दाखवतो, त्याच्या निम्मंच व्हीएसएफवाला. सगळ्या नमुन्यांत हेच, सीव्ही (पुन्हा पुन्हा मोजण्यातला फरक) उत्तम. सरांना याच आठवड्यात एक आकडा हवाय. सरासरी धरू का?

कृष्णाकाठ
सरासरी अजिबात नको. हेवी पचनाआधी (ट्रिप्सिनने कापण्याआधी) घातले की नंतर? ट्रिप्सिन किती वेळ? प्रोटीन उलगडायला डीऑक्सिकोलेट वापरलंत?

सह्याद्री७
आधी सोर्स (यंत्रातला आयन तयार करणारा भाग) साफ करा. आमच्याकडे त्याचा कोन (शंकूसारखं तोंड) मळला की सिग्नल असाच पडतो.

कृष्णाकाठ
सोर्स मळला तर हलका (नमुन्यातला) आणि हेवी दोन्ही पडतात, गुणोत्तर हलत नाही. हेवी त्यासाठीच असतात.

मुळामुठा
हेवीवर पैसे कशाला घालवता? आयबॅक (हेवीशिवाय, सिग्नलवरून प्रमाणाचा अंदाज) करा, एका रनमध्ये शेकडो प्रोटीन मिळतात.

ओवी_लॅब
मला एकच प्रोटीन हवंय! हेवी पचनानंतर, सी१८ कॉलमच्या आधी. युरिया, ट्रिप्सिन रात्रभर ३७ अंशांवर. हेवीची मोलॅरिटी कुपीवरच्या वजनावरून.

दर्यावर्दी
सापडलं! त्या वजनात पाणी आणि टीएफएचा (ट्रायफ्लुओरोअ‍ॅसेटिक आम्लाचा) क्षारही धरलेला असतो. पेप्टाइड खरं किती आहे ते कळायला अमिनो आम्ल विश्लेषण करून घ्या.

कृष्णाकाठ
ते कराच, पण तेवढ्याने दुपटीचा फरक पडणं कठीण. व्हीएसएफच्या शेवटी दोन लायसिन लागोपाठ आहेत. ट्रिप्सिनने दुसऱ्याच्या पुढे कापलं की टोकाचं लायसिन सहसा तसंच राहतं, रात्रभर ठेवलं तरी. टीकेके शेपटीच्या (दोन्ही लायसिन राहिलेल्या) रूपाचं ट्रान्झिशन (मोजायची आयन-जोडी) लावून बघा. हेवी नंतर घातला की ही तूट त्याला दिसतच नाही.

दर्यावर्दी
पण वजन फुगलेलं असेल तर टीएचएलचा आकडाही जास्तच येतोय ना?

कृष्णाकाठ
हो, तो मुद्दा खरा. म्हणून टीएचएलही डोळे मिटून धरू नका.

सह्याद्री७
अल्ब्युमिन (सीरममधलं सर्वांत जास्त असणारं प्रोटीन) काढलंत का? आमचा कॉलम फार छान आहे.

कृष्णाकाठ
एपोए१ मिलिलीटरला मिलिग्रॅमच्या घरात असतं, कशाला काढायचं? उलट काढताना थोडं तेही जाईल.

ओवी_लॅब
टीकेके दिसतोय, चांगला मोठा पीक आहे. त्याचा हेवी नाही. दोन्हींची बेरीज करू?

कृष्णाकाठ
नको, दोघांचं आयनीभवन सारखं नसतं. व्हीएसएफ सोडा. पूर्ण हेवी प्रोटीन पचनाआधी घालणं सगळ्यांत चांगलं. बजेट नसेल तर डब्ल्यूएचओ-आयएफसीसीच्या एसपी१-०१ या एपोए१ च्या आंतरराष्ट्रीय संदर्भ नमुन्याला जोडलेलं कॅलिब्रेटर सीरम नमुन्यांबरोबरच पचवा आणि टीएचएलची कॅलिब्रेशन रेषा त्यावरून काढा.

ओवी_लॅब
कॅलिब्रेटर शेजारच्या विभागात आहे, उद्याच लावते. सरांना आज आकडा देत नाही.