संभाजीनगर, वेरूळ, अजिंठा: आईबाबांना घेऊन ४ दिवस, प्लॅन बघून सांगा ना

कोथरूडची_लेक

नमस्कार मंडळी. दिवाळी झाल्यावर लगेच आईबाबांना घेऊन संभाजीनगरला जायचंय. बाबा ७२, आई ६७. बाबांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, अजिंठ्यावर किती वेळा बोलले असतील वर्गात, पण स्वतः कधी गेले नाहीत, दरवेळी काही ना काही निघायचं. आता मीच ठरवलंय की यंदा न्यायचंच. आईच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सपाटीवर छान चालते पण पायऱ्या म्हटल्या की घाबरते.

पुण्याहून आमचीच गाडी आहे, चालवणारी मी. प्लॅन असा आहे: शनिवारी सकाळी निघून दुपारपर्यंत पोचणार, रविवारी शहर बघू, सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ, देवगिरी आणि घृष्णेश्वर, बुधवारी सकाळी परत. लोणार पण कुठेतरी बसतंय का? आणि आईला पैठणी घ्यायचीये, ती पैठणलाच घ्यावी असं तिचं म्हणणं आहे. खाण्याचं पण सांगा, बाबा सगळं खातात, आई शाकाहारी.

सिडकोवाला

ताई आधी एक गोष्ट, हॉटेल बुक करायच्या आधी वाचा. सोमवारी अजिंठा बंद असतं आणि मंगळवारी वेरूळ बंद असतं! तुमचा प्लॅन बरोब्बर उलटा पडलाय. घाबरू नका, नुसती अदलाबदल करा, सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा, बाकी सगळं जमतंय. दरवर्षी माझ्याकडे कोणी ना कोणी पाहुणे येतात आणि गेटवरून परत फिरतात, फार वाईट वाटतं लांबून आलेल्या माणसाचं.

आता सविस्तर सांगतो. शनिवार. पुण्याहून शिरूर, नगर करत या, कायगाव टोक्याला गोदावरीचा पूल ओलांडला की मराठवाड्यात आलात. साधारण २३५ किमी आहे, वाघोलीच्या आत अडकायचं नसेल तर सहाच्या आत घर सोडा. वाळूजला कंपन्यांच्या शिफ्ट सुटायच्या वेळेला गर्दी असते तेवढी टाळा. दुपारी जेवून आराम करा आणि साडेचारच्या सुमाराला बीबी का मकबरा. याला लोक ताजमहालाची नक्कल म्हणून निघून जातात ते मला अजिबात पटत नाही. जवळ जाऊन भिंत बघा, खालचा कमरेएवढा पट्टा संगमरवराचा आहे आणि त्याच्या वरती चुन्याचा गिलावा, संध्याकाळच्या उन्हात दोघांचा रंग वेगळा दिसतो, वर घुमट पुन्हा संगमरवरी. आईंना बाग सपाट आहे, चौथऱ्याला थोड्या पायऱ्या आहेत.

रविवारी सकाळी लवकर देवगिरी. वेरूळच्याच रस्त्यावर आहे, शहरापासून १५ किमी, पण ते वेरूळच्या दिवसात कोंबू नका. आईंना चाँद मिनार, हत्ती हौद इथपर्यंत आरामात येता येईल, त्याच्या पुढे खंदक, मग अंधारी, म्हणजे डोंगरातून कोरलेली काळोखी वाट, वटवाघळांचा वास, उंच सखल पायऱ्या, तिथे त्यांना नेऊ नका. बाबांना दम असेल तर त्यांनी आणि तुम्ही मेंढा तोफेपर्यंत जाऊन या, तोफेच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं आहे म्हणून ते नाव. यादवांची राजधानी, मग तुघलकाने दिल्लीहून राजधानी हलवली ती इथेच, बाबांना हे मी काय सांगणार. उतरल्यावर रस्त्याच्या कडेला बायका टोपल्या घेऊन बसलेल्या असतात, दिवाळीनंतर सीताफळं संपत आलेली असतात पण मिळतात, पेरू तर भरपूर. डोळे उघडलेलं सीताफळ घ्या, आज संध्याकाळी खायचं की उद्या हे विचारलं की त्या स्वतः निवडून देतात.

दुपारी शहरात पाणचक्की. दूरच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणून त्या दाबावर दळणाचं जातं फिरवायचे. हे शहर मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी म्हणून वसवलं आणि पाण्याची नहरही त्यानेच आणली.

सोमवार वेरूळ. इथे माझं ठाम मत आहे की वेरूळला अख्खा दिवस द्या, ३० किमीच आहे. लेणी सूर्योदयाला उघडतात. पण एक लक्षात घ्या, लेण्यांचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे कैलासवर समोरून ऊन येतं ते दुपारनंतर. म्हणून सकाळी १ ते १२ बौद्ध लेणी करा, त्यात १० नंबर चुकवू नका, दगडात लाकडी फासळ्यांसारखं छत कोरलंय, आत कोणी हळू जरी म्हणालं तरी आवाज घुमतो. मग जैन लेणी, ३० ते ३४, ती जरा लांब आहेत, बॅटरीची गाडी मिळते, आईंना त्यात बसवा. जेवण करा. आणि तीनच्या पुढे १६ नंबर, कैलास. आत शिरून लगेच वर बघू नका, आधी डाव्या उजव्या भिंतीकडे बघा आणि मग डोक्यात आणा की ही भिंत म्हणजे मूळ डोंगर आहे, मधलं सगळं काढून टाकलंय, वरून खाली कोरत कोरत आलेत, कळस आधी आणि पाया शेवटी. राष्ट्रकूट कृष्ण पहिला, आठवं शतक. दक्षिणेच्या बाजूला रावण कैलास हलवतोय ते शिल्प आहे, तिथे आईंना बसायला सावली पण मिळते.

घृष्णेश्वर एक किमीवर. सोमवार म्हणजे गर्दी असणारच, ज्योतिर्लिंग आहे. मी तर म्हणेन रविवारी देवगिरीहून तसंच पुढे जाऊन करून घ्या नाहीतर सोमवारी पहाटे. पुरुषांना गाभाऱ्यात सदरा, बनियन काढून जावं लागतं, मोबाइल आत नेऊ देत नाहीत, चपला मोबाइल गाडीतच ठेवा. आताचं देऊळ अहिल्याबाई होळकरांनी बांधून घेतलेलं आहे. शहाजीराजांचे वडील मालोजीराजे याच वेरूळचे, त्यांची गढी बघायला बाबांना नक्की आवडेल.

फर्दापूर_फाटा

सिडकोवाल्या दादांनी वेरूळ छान सांगितलं, मी अजिंठ्याचं सांगते, माझं माहेर त्याच भागातलं.

पहिलं म्हणजे अजिंठा गाव वेगळं आणि अजिंठा लेणी वेगळी. मॅपवर नुसतं अजिंठा टाकून लोक गावात जाऊन थांबतात. गाव घाटाच्या वर आहे, लेणी घाट उतरून फर्दापूरजवळ. शहरापासून १०० किमी, फुलंब्री, सिल्लोड, गोळेगाव, मग अजिंठा गाव आणि घाट. अडीच तास धरा, सातला निघालात तर साडेनऊला तिथे, लेणी नऊला उघडतात. स्वतःची गाडी टी पॉइंटला लावावी लागते, तिथून पुढचे ४ किमी बसने. पार्किंगपासूनच गारगोटीचे, स्फटिकांचे दगड विकणारे मागे येतात, घ्यायचे असतील तर येताना घेईन म्हणा, पोरं ऐकतात, गरीब घरची आहेत, रागावू नका त्यांच्यावर.

बस सोडते तिथून तिकीटघर, भारतीयांना ४० रुपये, आणि मग खऱ्या पायऱ्या. सगळा चढ सुरुवातीलाच आहे, एकदा वर आलात की वाघोरा नदीच्या घोड्याच्या नालासारख्या वळणावर लेण्यांच्या समोरून वाट जाते, तिथेही मधे मधे पायऱ्या आहेतच. डोली मिळते, चार माणसं खुर्ची उचलून नेतात. माझ्या आईला मी तीन वर्षांपूर्वी नेलं तेव्हा ती डोलीत बसायला तयारच होईना, माणसांच्या खांद्यावर कशी बसू म्हणून लाजत होती, शेवटी त्या डोलीवाल्या काकांनीच समजावलं, माय बस, आमचं पोट याच्यावर आहे. मग बसली. भाव आधी ठरवा, येण्याजाण्याचा मिळून ठरवा, आणि कुठल्या लेण्यापर्यंत ते पण बोलून घ्या. आमच्याकडून वर गेल्यावर जास्तीचे पैसे मागितले होते, काही वेळ वाद झाला, म्हणून सांगते.

सगळी ३० लेणी बघायचा अट्टाहास नको. १, २, १६, १७, १९, २६ आणि ९, १०. चित्रांच्या लेण्यांत चपला बाहेर काढाव्या लागतात, आईंना सहज काढता घालता येतील अशा चपला द्या आणि पायात मोजे, फरशी थंड असते. फ्लॅश चालत नाही.

१ नंबरमध्ये शिरलात की काही दिसत नाही. खरंच, अंधार असतो आणि लोक दोन मिनिटांत बाहेर पडतात. तुम्ही उभं राहा. डोळे सरावले की मागच्या भिंतीवर गाभाऱ्याच्या डाव्या हाताला पद्मपाणी हळूहळू उमटायला लागतो. आधी मुकुट दिसतो, मग खाली झुकलेले डोळे, मग हातातलं कमळ. माझी आई चौथी शिकलेली, तिला बोधिसत्त्व वगैरे काही माहीत नव्हतं, ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, याला कोणाचं तरी दुःख दिसतंय गं. मला अजून अंगावर काटा येतो. ही चित्रं शेणमाती, भाताचं तूस असं कालवून केलेल्या गिलाव्यावर काढलीत, आणि त्यातला निळा रंग ज्या दगडाचा आहे तो अफगाणिस्तानकडून यायचा. तिथेच एका खांबावर चार हरणं आहेत, चौघांना मिळून एकच डोकं, कुठलंही हरीण बघा ते डोकं त्याचंच वाटतं. गार्डला विचारलं की दाखवतात.

बाबांसाठी खास: १० नंबरला जॉन स्मिथने १८१९ मध्ये खांबावर आपलं नाव कोरलंय, हाच तो शिकारीला आलेला इंग्रज अधिकारी ज्याच्या नजरेला ही लेणी पडली. २६ नंबरला आडवा झालेला बुद्ध, महापरिनिर्वाण, खाली रडणारे भिक्षू एकेक चेहऱ्याने वेगळे. तिथे जरा बसा.

दुपारी दोनच्या आत वरून निघा म्हणजे परतीचा घाट उजेडात होतो. पाणी सोबत ठेवा, वर काही मिळत नाही.

पैठणगेटची

खाण्याचं मी सांगते. बाबांसाठी नान खलिया, इथलं खास, मटणाचा पातळसर पिवळा रस्सा आणि तंदूरमधली जाड मऊ नान. तुघलकाच्या फौजेबरोबर हा पदार्थ इकडे आला असं सांगतात. जुन्या शहरात मिळतो, दुपारीच जा, रात्री संपलेला असतो बऱ्याच ठिकाणी. आईंना ज्वारीची भाकरी, येसर आमटी, ठेचा, पिठलं, वेरूळच्या रस्त्यावर साधी घरगुती जेवणाची ठिकाणं आहेत तिथे चुलीवरची भाकरी मिळते, ती शहरातल्या मोठ्या हॉटेलपेक्षा कितीतरी चांगली. गुलमंडीला जाऊन गरम इमरती खा, सकाळी. गुलमंडी, सिटी चौक भागात गाडी नेऊ नका, गल्ल्या अरुंद आहेत, गाडी क्रांती चौकाकडे कुठेतरी लावा आणि रिक्षा करा. पैठण गेट, भडकल गेट असे दरवाजे वाटेत लागतातच.

हिमरू पण बघा जमलं तर. सुती आणि रेशमी धाग्याचं विणकाम, शाली मिळतात. विणणारी घरं आता फार थोडी उरलीत, हातमाग चालू असलेल्या ठिकाणी जा, मागावर बसलेला माणूस स्वतः दाखवतो.

कोथरूडची_लेक

बापरे, किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! बंदचे वार खरंच माहीत नव्हते, बाबांना तर अजिंठ्याच्या दारातून परत आणलं असतं मी. अदलाबदल केली. हत्ती हौदापर्यंत आई चालेल म्हणाली. डोलीचं अजून सांगितलं नाहीये, तिथे गेल्यावरच सांगेन 🙂

पैठण आणि लोणार राहिलं.

गोदाकाठ

लोणार यावेळी सोडा. शहरापासून दीडशे किमीच्या आसपास आहे, जाऊन येऊन पूर्ण दिवस जातो आणि आईंना खाली सरोवराच्या काठापर्यंत उतरवणं जमणार नाही. बघण्यासारखं नक्कीच आहे, उल्का पडून बसाल्टच्या खडकात झालेलं जवळपास १.८ किमी व्यासाचं विवर, पाणी खारं. त्यासाठी वेगळे या, मेहकरला मुक्काम करून, वाटेत सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान.

पैठण मात्र बुधवारी परत जाताना करा. शहरातून ५० किमी दक्षिणेला, तिथून शेवगावमार्गे नगर गाठता येतं, म्हणजे उलटं संभाजीनगरला यायची गरज नाही. सकाळी आठला निघा. आधी नाथ, म्हणजे संत एकनाथ. गावातला वाडा वेगळा आणि गोदावरीकाठचं समाधी मंदिर वेगळं, दोन्हीकडे जा, आईंना घाटाच्या पायऱ्या उतरायची गरज नाही, वरूनच नदी दिसते. नाथषष्ठीला इथे पाय ठेवायला जागा नसते, तुमच्या वेळेला शांत असेल. नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, वाटेतच आहे, पक्षी यायला तेव्हा नुकती सुरुवात झालेली असते.

आता पैठणी. माझ्या घरात दोन माग आहेत म्हणून थोडं जास्त लिहितो, माफ करा. दुकानात गेलात की आधी पदर उलटा करा. हातमागाची खरी पैठणी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, मोर पलीकडूनही मोरच. उलट्या बाजूला सुटे धागे लोंबत असतील किंवा कापलेले असतील तर ती मशीनवरची आहे, विकणारा काहीही म्हणो. मशीनची घ्यायची असेल तर जरूर घ्या, छान दिसते, फक्त मशीनच्या भावात घ्या. पदरावर एकेका रंगाची वेगळी छोटी कांडी असते, विणणारा ती हाताने बोटाएवढ्या जागेत पुढे मागे करतो, एका ओळीत वीस पंचवीस कांड्या असू शकतात, म्हणून दिवसभर बसून काही बोटं पदर होतो. साध्या बुट्टीच्या साडीला काही आठवडे, भरलेल्या पदराला महिनेच. आईंना आधी मागावर बसलेल्या बाईजवळ नेऊन दाखवा, असावली, बांगडी मोर, मुनिया ही नक्षीची नावं तिच्याकडूनच ऐकू द्या, आणि मग साडी दाखवा असं म्हणा. सरकारी पैठणी केंद्रातही माग बघायला मिळतात.

आणि एक, रंग दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ठरवू नका. साडी दारात उन्हात आणून बघा. काठ आणि अंगाचा रंग उभ्या आडव्या धाग्यांत वेगळा असला की उन्हात साडी हलवली की धूपछाव दिसते, माझी आजी ग्राहकाला दारातच बसवायची त्यासाठी.

कोथरूडची_लेक

आईला हे वाचून दाखवलं. तिने लगेच कपाटातली लग्नातली पैठणी काढून पदर उलटा करून बघितला. दोन्हीकडे मोर आहे!! १९८१ ची आहे. आता म्हणते नवीन नको, हिचाच काठ एका ठिकाणी उसवलाय तो कोणी नीट करून देईल का पैठणला?

गोदाकाठ

देतात. रफू करणारे आहेत. साडी इस्त्री न करता, सुती कापडात गुंडाळून आणा, आणि घडी बदलून आणा, जुन्या घडीवर जरीची तार तुटते.