सल्लागार थंड डोक्याचा आहे, पण त्याचं ऐकावंसं कुणाला का वाटेल?

नवखा_नाटककार: एकांकिका लिहितोय. राजाचा युद्धसल्लागार म्हणजे नुसतं गणित, माया शून्य. तालमीत सगळे म्हणतात, हा बोलायला लागला की जांभया येतात. सुभाषितं घातली तर तो व्हॉट्सॲपवरचा चाणक्य वाटायला लागला! काय करू?

विंगेतला_म्हातारा: व्हॉट्सॲपवरचा सोडा, विशाखदत्ताचा बघा. त्याचं ‘मुद्राराक्षस’ हे संस्कृत नाटक वाचलंय? तिसऱ्या अंकात कंचुकी, म्हणजे राजवाड्यातला सेवक, चाणक्याच्या घरी येतो. साम्राज्याचा मंत्री, आणि घरात काय? गोवऱ्या फोडायचा दगड, शिष्यांनी आणलेल्या दर्भाचा ढीग, वाळत घातलेल्या समिधांनी वाकलेलं छप्पर. याला स्वतःसाठी काही नको, हे तिथेच कळतं. ज्याला लाच देता येत नाही त्याच्या शब्दाला वजन येतं. तुमच्या सल्लागाराला रेशमी शेला दिला असेल तर आधी तो काढा.

त्याच अंकात कौमुदी महोत्सवावरून चंद्रगुप्ताशी भांडण होतं. ते दोघांनी आधीच ठरवलेलं, लुटुपुटीचं. तरी चाणक्य असा भडकतो की चंद्रगुप्तालाच शंका येते, आर्य खरोखरच रागावले की काय? आम्ही हा प्रवेश बसवला तेव्हा आमचा चाणक्य ओरडत सुटला होता. मी त्याला म्हटलं, तू हळू बोल, घाबरायचं काम चंद्रगुप्ताचं. प्रवेश उभा राहिला.

तिरकस_वाचक: पण काका, हे मन वळवणं कुठलं? खोटं पत्र, त्यावर नंदांचा मंत्री राक्षस याची हाती लागलेली मुद्रा! चंद्रगुप्तावर चालून आलेला मलयकेतू स्वतःच्याच बाजूचे पाच राजे मारून बसतो. ही तर शुद्ध फसवणूक.

विंगेतला_म्हातारा: मलयकेतूची फसवणूक, मान्य. राक्षसाचं वेगळं. त्याला चाणक्य पैसा दाखवत नाही, जिवाची भीतीही घालत नाही. त्याच्या बायकामुलांना आसरा देणारा चंदनदास सुळाकडे निघालाय, आणि मित्रासाठी राक्षस येणारच, हे चाणक्याने ओळखलंय. राक्षस आल्यावर चाणक्य आधी नमस्कार करतो, मग आपली सगळी कारस्थानं स्वतःच सांगून टाकतो. चंद्रगुप्ताच्या मंत्रिपदाचं शस्त्र घे, मित्र सुटेल. शत्रूच्या चांगुलपणावर एवढा भरवसा टाकणारा माणूस मला तरी दुसरा आठवत नाही.

नवखा_नाटककार: माझ्या सल्लागाराला समोरच्या सेनापतीचं नावसुद्धा माहीत नाही, हे आत्ता लक्षात आलं. शेला आजच काढतो.